लिमिटर (स्पीकर-संरक्षण)

अँप्लिफायरकडून स्पीकरला मिळणारा विद्युतदाब ठरवलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणाऱ्या मंडलाला किंवा डिजिटल प्रोसेसरमधील तशा सोयीला लिमिटर म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात गणेशविसर्जनाच्या आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत भाड्याचे ध्वनिसंच तासन्‌तास, बेळगाव शहरात तर रात्र उलटून दुसऱ्या दिवशीपर्यंत वाजत असतात. ऐन मिरवणुकीत कॉइल (स्पीकरमधील कोन हलवणारे तारेचे वेटोळे) जळाली तर बदली स्पीकर मिळणे अवघड असते, त्यामुळे तिथल्या साऊंडवाल्यांसाठी लिमिटर नीट लावणे हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

स्पीकर दोन कारणांनी निकामी होतो. पहिले कारण उष्णता. स्पीकरला दिलेल्या शक्तीचा फारच थोडा भाग आवाजात उतरतो आणि बाकीची कॉइल तापवण्यात जाते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढत असल्याने २५ अंशांवरून २०० अंशांवर गेलेल्या कॉइलचा रोध जवळजवळ दोन-तृतीयांशाने वाढतो, तेवढ्याच विद्युतदाबाला शक्ती कमी खेचली जाते आणि आवाज पडतो. पडलेला आवाज भरून काढायला ऑपरेटर मिक्सरचा फेडर (आवाज कमी-जास्त करण्याची सरकपट्टी) आणखी वर चढवतो. कॉइल जळते ती बहुधा याच टप्प्यावर. दुसरे कारण यांत्रिक असते. क्षणिक जोरदार ठोक्याने कोन मर्यादेबाहेर धावतो, कॉइल मागच्या पट्टीवर आदळते किंवा स्पायडर (कॉइलला मध्यभागी धरून ठेवणारी लवचीक चकती) फाटतो. पोर्ट (हवेसाठी ठेवलेले तोंड) असलेल्या बेसच्या पेटीत पोर्टच्या कंप्रतेखाली कोनाला हवेचा आधार उरत नाही, म्हणून तिथे खालच्या कंप्रता अडवणारा हाय-पास फिल्टर आवश्यकच असतो. त्याची उणीव लिमिटर भरून काढू शकत नाही.

या दोन धोक्यांसाठी दोन वेगळे लिमिटर लागतात. आरएमएस लिमिटर काही सेकंदांची सरासरी पाहून उष्णता आवरतो, तर पीक लिमिटर मिलिसेकंदांत कोनाची धाव रोखतो. पीक लिमिटरचा अटॅक (मर्यादा ओलांडल्यावर आवाज दाबायला लागणारा वेळ) फार जलद ठेवल्यास बेसचा नाद विकृत होतो. ४० हर्ट्‌झपासून वाजणाऱ्या बेससाठी सुमारे १६, तर १ किलोहर्ट्‌झच्या वरचे उंच सूर वाजवणाऱ्या हॉर्नसाठी सुमारे ०.५ मिलिसेकंद अटॅक आणि त्याच्या १६ पट रिलीज (दाब सोडून पूर्ववत होण्याचा वेळ), असा प्रघात आहे.

मर्यादा वॅटमध्ये नव्हे, व्होल्टमध्ये ठरवावी लागते. शक्ती आणि रोध यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की विद्युतदाब मिळतो: ८ ओहम, ८०० वॅट सतत क्षमतेच्या १८ इंची स्पीकरसाठी ८० व्होल्ट, ८ ओहम, ५० वॅटच्या हॉर्न ड्रायव्हरसाठी २० व्होल्ट. अँप्लिफायरची वृद्धी (गेन) ३२ डेसिबेल, म्हणजे ४० पट असेल, तर ८० व्होल्टसाठी इनपुटला २ व्होल्ट लागतात आणि प्रोसेसरवर लिमिटर सुमारे ८.२ डीबीयूवर (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत मोजलेले डेसिबेल) लावावा लागतो. एका चॅनेलवर दोन पेट्या समांतर जोडल्याने हा आकडा बदलत नाही. प्रत्येक पेटीला दाब तोच मिळतो, वाढतो तो प्रवाह. तरीही ‘दोन पेट्या आहेत’ म्हणून मर्यादा चढवण्याची चूक सर्रास होते. उत्पादकाचा सतत क्षमतेचा आकडा बहुधा दोन तासांच्या चाचणीतून आलेला असतो. मिरवणूक त्याहून कितीतरी लांबत असल्याने आरएमएस मर्यादा ३ डेसिबेल खाली, म्हणजे ८० ऐवजी सुमारे ५७ व्होल्टवर ठेवणेच शहाणपणाचे.

मोजणीच्या वेळी स्पीकरच्या तारा काढून अँप्लिफायरच्या आउटपुटला मल्टिमीटर जोडतात. साधा मल्टिमीटर ४०० हर्ट्‌झच्या वर भरवशाचा नसतो, म्हणून १०० हर्ट्‌झसारखा सलग सूर देऊन, टॉप (मधल्या-वरच्या सुरांच्या पेट्या) आणि हॉर्नच्या वाटेवरील क्रॉसओव्हर (कंप्रतांची वाटणी करणारा फिल्टर) तात्पुरता बंद ठेवून, मीटरवरचा आकडा ठरलेल्या व्होल्टवर थांबेपर्यंत लिमिटर खाली आणतात. क्रॉसओव्हर पुन्हा सुरू केल्याशिवाय तारा जोडायच्या नाहीत, कारण बेसचा सूर थेट हॉर्नमध्ये गेला तर डायफ्राम क्षणात फाटतो. मोजणीनंतर अँप्लिफायरचे गेनचे बटण हलवल्यास सारा हिशेब चुकतो. ते पूर्ण उघडे ठेवून मोजावे आणि वर चिकटपट्टी लावावी. स्पीकरपेक्षा लहान अँप्लिफायर घेतला म्हणजे धोका टळला, असेही नाही. क्लिप झालेला, म्हणजे अँप्लिफायरच्या क्षमतेपलीकडे ढकलल्याने टोके कापली गेलेला, सिग्नल चौकोनी होत गेल्याने अँप्लिफायर आपल्या नोंदलेल्या शक्तीच्या दुपटीपर्यंत शक्ती देऊ शकतो, आणि तिचा वरच्या कंप्रतांतला वाटा हॉर्नवर येतो.

लिमिटरने स्पीकर वाचतो, पण तेवढ्याने आवाजाचा कायदा पाळला जात नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा असून ती पाळण्यासाठी ध्वनिमापकाने स्वतंत्र मोजणी करावी लागते.