अप्पर मिसिसिपीवरील बदकांची शिकार

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या वरच्या पट्ट्यात सार्वजनिक पाण्यावर परवाना काढून केली जाणारी रानबदकांची हंगामी शिकार. हा पट्टा मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा आणि इलिनॉय या चार राज्यांच्या सीमांवर पसरलेला आहे. स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या व्यवस्थापनासाठी देशात चार उड्डाणमार्ग मानले जातात, त्यांपैकी मिसिसिपी मार्ग याच नदीच्या नावाने ओळखला जातो. ज्याच्याकडे स्वतःचे तळे नाही आणि शिकारी क्लबची वर्गणी भरण्याची ऐपत नाही, अशा नवशिक्यासाठी ही नदी सर्वांत खुली जागा आहे. ती सर्वांत सोपी मात्र नाही.

१७८७ च्या वायव्य प्रदेश अध्यादेशाने मिसिसिपीला मिळणारे नौकानयनयोग्य जलमार्ग सर्वांसाठी कायमचे खुले ठेवले. तरी पाणी सार्वजनिक आहे म्हणून काठही सार्वजनिक असतो, असे नाही. नदीचा तळ आणि काठ यांच्या मालकीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, त्यामुळे होडी कुठे लावायची हे नकाशा पाहून आधी ठरवावे लागते. अप्पर मिसिसिपीवर ही अडचण बरीच कमी होते, कारण १९२४ मध्ये येथे राष्ट्रीय वन्यजीव व मत्स्य आश्रयक्षेत्र स्थापन झाले. काठच्या पाणथळ जमिनी निचरा करून शेतीखाली आणण्याचा बेत होता. विल डिल्ग आणि त्यांची आयझॅक वॉल्टन लीग ही निसर्गरक्षण संघटना यांनी त्याविरुद्ध मोहीम उभारली आणि अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) या जमिनी विकत घेण्याचा कायदा केला. आज हे क्षेत्र मिनेसोटातील वाबाशापासून इलिनॉयमधील रॉक आयलंडपर्यंत २६१ मैल पसरले आहे. त्याच्या बऱ्याच भागात शिकारीला मुभा आहे. काही भाग मात्र हंगामात बंद ठेवतात, म्हणजे दमलेल्या थव्यांना चरायला आणि विसावायला जागा उरते. बंद भागाच्या पाट्या ओळखणे हा पहिला धडा.

कायद्याची चौकट दुहेरी आहे. स्थलांतरित पक्षी संघराज्याच्या अखत्यारीत येतात (१९१८ चा कायदा), तर हंगामाच्या तारखा संघराज्याच्या मर्यादेत राहून राज्ये ठरवतात. राज्याच्या परवान्याबरोबरच सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला संघराज्याचे ‘डक स्टॅम्प’ हे तिकीट घ्यावे लागते. ते १९३४ मध्ये एक डॉलरला सुरू झाले. त्यावरचे पहिले चित्र व्यंगचित्रकार जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग यांनी काढले होते. आता किंमत २५ डॉलर आहे आणि जवळजवळ सगळी रक्कम पाणथळ जागांच्या रक्षणासाठी जाते. शिकाऱ्यांनी पक्ष्यांसाठी केलेले याहून मोलाचे काम क्वचितच दाखवता येईल. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसे चालत नाहीत. दाणे टाकून बदके गोळा करणे किंवा जिवंत बदके भुलावण म्हणून बांधणे गुन्हा आहे. १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशभर बंदी आहे. बदके अन्न दळण्यासाठी खडे गिळतात, त्यांत तळाशी पडलेले छरेही गिळले जात आणि शिशाच्या विषाने पक्षी झुरून मरत. म्हणून आता पोलादी किंवा इतर बिनविषारी छरे वापरतात.

सुरुवात बंदुकीने न करता दुर्बिणीने करावी, हे येथे आग्रहाने सांगायला हवे. हंगामाआधी काही पहाटा नदीवर घालवल्या की थवे कुठे उतरतात ते कळते. बहुतेकदा ते मुख्य प्रवाह टाळून बेटांमागचे संथ फाटे आणि जलसेलरी ही पाणवनस्पती वाढणारे उथळ पाणी पसंत करतात. डिकॉय, म्हणजे तरंगती नकली बदके, अशाच पाण्यात मांडतात. तलावापेक्षा येथे त्यांना जड वजन आणि लांब दोरी लागते, नाहीतर प्रवाह ती ओढून नेतो. गोळीबाराची वेळ साधारणपणे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि त्या अंधूक प्रकाशात जात ओळखणे हीच खरी परीक्षा असते. अलीकडच्या हंगामांत या मार्गावर दिवसाला एकूण सहा बदकांची मर्यादा आहे. त्यांत मॅलार्ड जातीची चार, पण माद्या दोनच, आणि वुड डक जातीची तीन. मॅलार्डच्या पंखावरील निळ्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी पांढरी किनार असते. वुड डकची मादी उडताना किंचाळल्यासारखा आवाज काढते. टील ही बदके लहान, वेगवान आणि दाट थव्यात वळणारी. ओळख पटली नाही तर बंदूक खाली ठेवायची, याला पर्याय नाही. घरी नेतानाही प्रत्येक पक्ष्याचे डोके किंवा एक पिसांसहित पंख तसाच ठेवावा लागतो, म्हणजे अधिकाऱ्याला जात पडताळता येते.

चुकीच्या ओळखीपेक्षा मोठा धोका नदीचा आहे. एकोणिसाव्या शतकात प्रवाह मुख्य पात्रात वळवण्यासाठी घातलेले दगडी बांध, ज्यांना ‘विंग डॅम’ म्हणतात, पाण्याखाली दडलेले असतात आणि मोटरचे पाते तोडतात. मालवाहू बार्जच्या लाटा लहान होडी भरून टाकू शकतात. १९३० च्या दशकातील बंधाऱ्यांमुळे काही ठिकाणी नदी तलावासारखी रुंद झाली आहे आणि तेथे वारा सुटला की लाटा झपाट्याने वाढतात. ११ नोव्हेंबर १९४० ला, आर्मिस्टिस डेच्या (पहिल्या महायुद्धातील युद्धबंदीच्या स्मृतिदिनाच्या) सुट्टीत, सकाळ उबदार होती आणि अनेक शिकारी पातळ कपड्यांत बेटांवर गेले होते. वादळापुढे पळणारी बदके अफाट संख्येने आली आणि माणसे परतायची थांबली. मग हिमवादळाने लाटा उसळल्या, तापमान कोसळले आणि होड्या काठाला लागेनात. मध्यपश्चिमेत मिळून सुमारे दीडशे माणसे दगावली, त्यांत बदकांचे शिकारी पुष्कळ होते. मिनेसोटातील विनोनाचे वैमानिक मॅक्स कॉनराड यांनी छोट्या विमानातून अडकलेल्यांना खाण्याचे जिन्नस आणि काडेपेट्या टाकल्या. लाइफ जॅकेट अंगात घालूनच होडीत बसायचे आणि हवामानाचा अंदाज वाचूनच निघायचे, हे नियम म्हणून नव्हे तर या मृतांची आठवण ठेवून पाळावेत.

थापट्या आणि तलवार बदक ही मिसिसिपीवर शिकारीस खुली असलेली बदके हिवाळ्यात नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वरलाही येतात. तेथे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार गुन्हा आहे. कामाच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांना एरवी बंदूक बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्यातील एक अपवाद. परवान्यापूर्वी बहुतेक राज्यांत सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते सक्तीचे आहे.