थै कांग : कँटोनीजमधले बदली ड्युटीचे शब्द

हाँगकाँग, मकाव आणि चीनच्या ग्वांगडाँग भागात जी कँटोनीज बोलतात तिच्यात दुसऱ्याची ड्युटी आपण करण्याला एकच शब्द नाहीये, कोणाच्या जागी आणि किती वेळ उभं राहायचं त्यावर शब्द बदलतो आणि मला तरी यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

नेहमीचा शब्द थै कांग. थै म्हणजे जागा घेणं, कांग म्हणजे शिफ्ट. हा कांग खूप जुना, पूर्वी रात्रीचे 5 भाग पाडून पहारा द्यायचे, साधारण 2-2 तासांचा एकेक, त्यातला प्रत्येक पहारा म्हणजे कांग. आज वॉचमन, नर्स, टॅक्सीवाले सगळ्यांची शिफ्ट कांगच. टॅक्सीवाला दिवसपाळी संपवून गाडी रात्रीवाल्याच्या हातात देतो ते काऊ कांग, आपसात शिफ्ट बदलून घेतली तर तिऊ कांग. आणि बदलीवर बोलावलेला माणूस तो थै कुंग, म्हणजे आपल्या गिरण्यांमधला बदली कामगारच.

तिंग मात्र वेगळा. तिंग म्हणजे टेकू देणं, खालून रेटून धरणं. काउंटरवरचा माणूस 5 मिनिटं बाहेर जाताना शेजारच्याला म्हणतो "पोंग ङो तिंग च्यू सिन", म्हणजे माझं जरा सांभाळून धर, इथे रोस्टरवर नाव वगैरे काही बदलत नाही. हेच तिंग सोसण्यालाही वापरतात, "तिंग म सोन" म्हणजे आता सहन होत नाही.

शाळेत दुसऱ्याचा तास घेतला तर तोइ थोंग, सरकारी ऑफिसात वरच्या पदाचा तात्पुरता चार्ज म्हणजे छ्यू याम. ऑफिसातली पोरं सरळ कव्हर हा इंग्लिश शब्दच कँटोनीज वाक्यात घालतात.

उच्चाराचं म्हणाल तर त-थ, क-ख हा फरक कँटोनीजमध्ये खराच असतो त्यामुळे मराठी जिभेला ते सोपं जातं, अडतं ते सुरापाशी. सपाट सुरात थै म्हणजे जागा घेणं, तोच सूर खालून वर चढवला की थै म्हणजे बघणं, लक्ष ठेवणं, त्यातूनच थै तोंग म्हणजे दुसऱ्याचा स्टॉल बघणं.

दुसऱ्याचं अर्धवट काम निस्तरलं तर ते चप सऊ मेइ. आणि दुसऱ्याची चूक आपल्या माथी आली तर सिक सेइ माऊ, शब्दशः मेलेलं मांजर खाणं, आणि हो, मांजराला तिकडेही माऊच म्हणतात.