अन्नाचा प्रवास: अंतर मोजावं की वाहन बघावं?

लांबून आलेलं अन्न म्हणजे प्रदूषण जास्त, जवळचं म्हणजे कमी. हा हिशेब इतका सरळ वाटतो की तो तपासायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. शेतापासून ताटापर्यंतच्या या अंतराला ‘फूड माइल्स’ म्हणतात. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात या कल्पनेची चर्चा सुरू झाली.

एक टन माल एक किलोमीटर नेताना जहाजातून ढोबळमानाने १० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, ट्रकमधून २०० ग्रॅम, तर विमानातून १,००० ग्रॅमच्याही वर. म्हणजे जहाजाने १०,००० किलोमीटर आलेलं किलोभर फळ आणि ट्रकने ५०० किलोमीटर आलेलं फळ, दोन्हींच्या खात्यावर सारखेच १०० ग्रॅम. तेच १०,००० किलोमीटर विमानाने आलं तर दहा किलोच्या वर! आणि आपली गाडी? एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरला १५ किलोमीटर धावणारी गाडी काढून पाच किलोमीटरवरून तेवढंच किलोभर फळ आणलं, तर जाऊन-येऊन दीड किलो. हा शेवटचा टप्पा ‘फूड माइल्स’च्या गप्पांत कुणी धरत नाही.

पण मोठा खर्च रस्त्यावर नाही, शेतात आहे. ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करणारा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आला. त्यात अन्नामुळे होणाऱ्या, पृथ्वी तापवणाऱ्या वायूंच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम ६ टक्के निघाला. गुरांच्या पोटातला मिथेन, खतांमधून सुटणारा नायट्रस ऑक्साइड, चराईसाठी तोडलेलं जंगल यांच्यापुढे ट्रकचा धूर किरकोळ ठरतो. गोमांसात तर वाहतूक एक टक्कासुद्धा भरत नाही. ते शेजारच्या गोठ्यातलं असलं तरी फारसा फरक पडत नाही. थंड प्रदेशात इंधन जाळून ऊबदार ठेवलेल्या हरितगृहातला ‘स्थानिक’ टोमॅटो उन्हाच्या देशातून ट्रकने आलेल्या टोमॅटोपेक्षा उत्सर्जनाच्या हिशेबात महाग पडतो, तोही याच कारणाने.

२०२२ मधल्या एका अभ्यासाने खतं, यंत्रं, इंधन यांची ने-आणही धरली, तेव्हा वाहतुकीचा वाटा १९ टक्क्यांपर्यंत गेला. तेव्हा वाहतूक अगदीच नगण्य म्हणून सोडून देता येत नाही. तरी अंतरापेक्षा आधी बघायचं ते विमान. अन्नाच्या एकूण वाहतुकीत त्याचा वाटा नगण्यच; पण पटकन नासणाऱ्या, महाग आणि हंगाम नसताना दिसणाऱ्या बेरी किंवा शतावरीचे कोवळे कोंब अनेकदा त्यातूनच येतात.