जमिनीचे घड्याळ उशिरा चालते

हिवाळा सरत असताना एखाद्या दुपारी लख्ख ऊन पडते, हवेचे तापमान 15 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि बागेची आवड असणारा माणूस बियाण्याची पाकिटे घेऊन वाफ्याकडे वळतो. त्या दिवशी लावलेले घेवड्याचे किंवा काकडीचे बी बहुधा उगवत नाही. गार, ओल्या मातीत पडून पडून ते कुजते आणि दोष बियाण्याला दिला जातो. बियाणे चांगलेच असते. हवेत वसंत आलेला असतो, पण पाच सेंटिमीटर खाली, जिथे बी ठेवले तिथे, हिवाळा अजून संपलेला नसतो. चार ठळक ऋतूंच्या हवामानात बागेची आणि हिरवळीची बहुतेक कामे कधी करावीत आणि कधी टाळावीत, याचे उत्तर हवा आणि जमीन यांच्यातील या अंतरात दडलेले आहे.

उन्हाने मातीचा पृष्ठभाग तापतो आणि ती उष्णता एखाद्या लाटेसारखी हळूहळू खाली उतरते. उतरताना ही लाट मागे पडत जाते आणि क्षीणही होत जाते. दिवस-रात्रीची लाट साधारण दहा सेंटिमीटर खोलीवर तीन-चार तास उशिरा पोहोचते. वर्षभराची मोठी लाट दोन मीटर खोलीवर सुमारे दोन महिने उशिरा पोहोचते, आणि तोपर्यंत उन्हाळा व हिवाळा यांतील फरक पृष्ठभागावरील फरकाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास उरलेला असतो. मातीचा प्रकार आणि ओल यांनुसार हे आकडे बदलतात. आकारमान समान धरले तर पाणी तापवण्यासाठी मातीतील खनिज कणांच्या साधारण दुप्पट उष्णता लागते. शिवाय ओल्या मातीवर पडणाऱ्या उन्हाचा बराच भाग बाष्पीभवनात खर्च होतो. त्यामुळे पाणी धरून ठेवणारी चिकणमाती वसंतात उशिरा ऊबदार होते आणि रेताड माती लवकर. उंच वाफ्यांतील रोपे पुढे असतात, त्याचेही हेच कारण आहे: वाफा उंच असला की पाणी निचरून जाते आणि माती लवकर तापते.

म्हणून वसंतातील पहिले काम पेरणीचे नसून मोजणीचे आहे. मातीत खुपसण्याचे साधे तापमापक पाच ते दहा सेंटिमीटर खोलीवर, रोज सकाळी एकाच वेळी, आठवडाभर लावून पाहावे. बागकामाच्या साधनांत इतके उपयोगी आणि इतके दुर्लक्षित साधन दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे. वाटाणा आणि पालक सुमारे 5 अंशांच्या मातीतही सावकाश का होईना उगवतात, मात्र घेवडा आणि काकडी यांना निदान 15-16 अंश लागतात. यापेक्षा गार मातीत बी पाणी शोषते, पण त्याच्या आतील विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, एन्झाइम) इतक्या मंद गतीने काम करतात की अंकुर बाहेर येण्यापूर्वी बुरशी आपला डाव साधते.

तापमानाइतकेच महत्त्व वाफशाला, म्हणजे माती खणण्याजोगी मोकळी होईल इतपत ओल उरण्याला आहे. दहा सेंटिमीटर खोलीवरची मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा आणि बोटाने हलकेच टिचकी मारावी. गोळा फुटून माती मोकळी झाली तर वाफसा आला; तो चिकटून तसाच राहिला तर कुदळ ठेवून द्यावी. चांगल्या मातीच्या आकारमानाचा जवळपास निम्मा भाग पोकळ्यांचा असतो आणि त्यांतून हवा व पाणी मुळांपर्यंत पोहोचतात. ओली माती खणली किंवा तुडवली की या पोकळ्या चेपतात, आणि एका दुपारच्या घाईने झालेले नुकसान भरून यायला अनेकदा पूर्ण हंगाम जातो.

हिरवळीच्या बाबतीत हेच गणित अधिक स्पष्टपणे दिसते. प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीनुसार गवतांचे दोन गट पडतात. राय गवत, फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास ही थंडी मानवणारी गवते. त्यांच्या पात्यांची वाढ साधारण 15 ते 24 अंशांच्या हवेत आणि मुळांची वाढ 10 ते 18 अंशांच्या मातीत उत्तम होते. हरळी आणि झोयसिया ही उष्णतेची गवते 27 ते 35 अंशांत जोमाने वाढतात आणि कडक थंडीत तपकिरी होऊन सुप्त राहतात. उष्णता वाढली की पहिल्या गटात कर्बवायू पकडणारे विकर वारंवार चुकून प्राणवायू पकडते आणि वनस्पतीची कमाई वाया जाऊ लागते. दुसऱ्या गटाने कर्बवायू त्या विकराभोवती दाटीने साठवण्याची युक्ती साधली आहे, म्हणून तिथे हा तोटा फारसा होत नाही.

थंडीच्या गवताला मानवणारी माती वर्षातून दोनदा मिळते, एकदा वसंतात आणि पुन्हा पानगळीच्या ऋतूत. यातील वसंताच्या संधीचा बहुतेक जण चुकीचा उपयोग करतात. लॉन लवकर हिरवेगार दिसावे म्हणून ते हिवाळा संपताच भरपूर नत्र देतात. नत्राने पाती झपाट्याने वाढतात, पण त्या वाढीसाठी लागणारी शर्करा मुळांच्या वाट्यातून जाते, आणि उन्हाळ्यात माती तापून कोरडी पडते तेव्हा उथळ मुळांचे गवत आधी कोमेजते. खताचा मोठा हप्ता पानगळीच्या सुरुवातीला द्यावा. तेव्हा पात्यांचा वेग कमी होत असतो आणि मुळे मात्र जोरात वाढत असतात.

गवत वारंवार कापूनही का मरत नाही? त्याचा वाढबिंदू शेंड्याला नसून जमिनीलगतच्या गड्ड्यात, म्हणजे पाती आणि मुळे जिथे जुळतात त्या भागात असतो आणि पाते तळाकडून वर ढकलले जाते. चरणाऱ्या जनावरांसोबत लाखो वर्षे राहिलेल्या वनस्पतीची ही रचना यंत्राच्या पात्याखालीही तिला तारते. एडविन बडिंग यांनी 1830 मध्ये इंग्लंडमध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, तोपर्यंत हिरवळ राखण्यासाठी विळे आणि मेंढ्या हीच साधने होती. मात्र सहनशक्तीला मर्यादा आहे. अमेरिकेच्या कृषी विभागातील एफ. जे. क्रायडर यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की पाल्याचा निम्मा किंवा अधिक भाग एकाच वेळी कापला, तर मुळांची वाढ काही काळ थांबते. एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, या नियमामागे असेच निष्कर्ष आहेत. थंडीच्या गवताची उंची सहा ते नऊ सेंटिमीटर ठेवावी. उंच पाती मातीवर सावली धरतात, त्यामुळे माती गार राहते आणि प्रकाश मिळाल्यावरच रुजणारे तणांचे बी उगवत नाही. कापलेले बारीक तुकडे तिथेच राहू द्यावेत. ते लवकर कुजून नत्र मातीला परत देतात. त्यांच्यामुळे मातीवर जाड थर साचतो हा समज चुकीचा आहे, कारण तो थर मुख्यतः चिवट खोडे आणि मुळे यांचा असतो.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात सांगता येते. पाणी रोज शिंपडू नये. आठवड्यातून एक-दोनदा, पहाटे, माती खोलवर भिजेल इतके द्यावे. थंडीचे गवत पिवळे पडले तरी घाबरू नये. गड्डे जिवंत असले तर ते सुप्तावस्थेत गेलेले असते आणि पाऊस पडताच पुन्हा फुटते.

पानगळीचा ऋतू हा माझ्या दृष्टीने बागेचा खरा आरंभ आहे. हवा गार होते, पण उन्हाळाभर साठवलेली उष्णता मातीत टिकून असते. बी लवकर रुजते, मुळे वाढत राहतात, कोवळ्या पात्यांना कडक ऊन सोसावे लागत नाही आणि उन्हाळी तणांची स्पर्धाही ओसरलेली असते. हिरवळ नव्याने पेरायची किंवा झाड लावायचे तर हीच वेळ. निरभ्र, निवांत रात्री मात्र सावध राहावे, कारण पाने आपली उष्णता उघड्या आकाशाकडे प्रारित करून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. दीड मीटर उंचीवरचा तापमापक 2-3 अंश दाखवत असतानाही जमिनीलगतच्या पानांवरचे दव गोठलेले असू शकते. रोपांवर कापड पसरताना त्याच्या कडा जमिनीला टेकवाव्यात, कारण ते कापड अडवून धरते ती जमिनीचीच ऊब असते.

याच काळात झाडे पानांतील हरितद्रव्य मोडून नत्राचा मोठा भाग फांद्यांमध्ये परत घेतात आणि मगच देठाशी पेशींचा थर तयार करून पान सोडून देतात. गळालेल्या पानांत उरतो तो मुख्यतः कर्ब. हिरवळीवर पानांचा जाड थर राहू दिला तर गवत गुदमरते, पण त्याच पानांचा यंत्राने चुरा करून पसरला तर तो गांडुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या कामी येतो.

लहान होत जाणारे दिवस आणि वाढती थंडी यांच्या संकेताने वनस्पती पेशींत शर्करा साठवतात. त्यामुळे पेशीरसाचा गोठणबिंदू थोडा खाली जातो आणि बर्फ पेशींच्या आत न होता मधल्या मोकळ्या जागेत होतो. ही तयारी व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून फुलझाडांना आणि झुडपांना या दिवसांत उशिरा नत्र देऊन नवी कोवळी फूट आणणे घातक ठरते. पुढे हिम पडले तर ते झटकण्याची घाई नको. ताज्या भुसभुशीत हिमात बहुतांश हवाच असते. त्याच्या जाड थराखाली जमीन शून्याच्या जवळपास राहू शकते, वरची हवा कितीही गारठलेली असली तरी. खरा धोका उघड्या जमिनीला असतो. ती दिवसा वितळते, रात्री गोठते आणि फुगणाऱ्या बर्फाबरोबर लहान रोपे मुळांसकट वर उचलली जातात. पेंढा किंवा पानांचे आच्छादन जमीन गोठल्यानंतर घालावे, कारण त्याचे काम जमीन ऊबदार ठेवण्याचे नसून तिचे तापमान स्थिर ठेवण्याचे आहे.

पानगळीत पुरलेले ट्युलिपचे कंद या काळात निजलेले दिसतात, पण त्यांना मुळे फुटलेली असतात आणि आत फुलाची कळी तयार असते. फुलाचा दांडा नीट लांबण्यासाठी त्यांना सुमारे 12 ते 16 आठवडे 9 अंशांखालची थंडी मिळावी लागते. ती मुदत पुरी होईपर्यंत दुपारचे एखादे लख्ख ऊन त्यांना फसवू शकत नाही. मुदत संपली की ते मातीच्या ऊबेची वाट पाहतात, आणि ती ऊब कंदांपर्यंत पोहोचते तेव्हा जमिनीतून हिरवी टोके वर आलेली दिसतात.