विंचू चावतो पायाला, मग छाती का भरते?

मराठवाड्यात कडबा उचलताना, बांधावरचा दगड सरकवताना लाल विंचू चावणं नवं नाही. वेदना पायात असते. पण काही जणांना, त्यातही लहान लेकरांना, थोड्या वेळाने दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, धाप लागते. हे का होतं, ते समजायला आधी मज्जातंतू एकमेकांशी कसे बोलतात हे कळावं लागलं.

१७९१ मध्ये इटलीच्या गॅल्व्हानीने बेडकाचा पाय विजेने हलतो हे प्रसिद्ध केलं. मज्जातंतूंचं काम विजेवर चालतं, असं मानलं जाऊ लागलं. पुढे स्पेनचे शास्त्रज्ञ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की या पेशी एकमेकींना जोडलेल्या नाहीत. मग मधली फट संदेश ओलांडतो कसा?

उत्तर मिळालं १९२१ मध्ये, आणि तो प्रयोग मला आजही विलक्षण वाटतो. शास्त्रज्ञ ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची नस, म्हणजे मज्जातंतू, उत्तेजित केली, ते मंदावलं. त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला, तर त्याच्या नसेला हातही न लावता तेही मंदावलं. म्हणजे नसेच्या टोकातून रसायन पाझरत होतं. हृदयाची गती वाढवणाऱ्या नसांचं रसायन नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आहे, हे १९४६ मध्ये फॉन ऑयलर यांनी दाखवलं.

विजेचा हिशेब हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये माकुळ (स्क्विड) या समुद्री जीवाच्या जाड मज्जातंतूवर मांडला. संदेश आला की पेशीच्या आवरणातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि साधारण एका मिलिसेकंदात दारं मिटतात.

लाल विंचवाचं विष नेमकं हे मिटणं रोखतं. नसा पेटलेल्याच राहतात, नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं.

यावर उपाय शोधला तो जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, कोकणात महाडला रुग्णसेवा करताना. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी रक्तवाहिन्यांवर नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची जागा अडवते. हे काम १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नसेतली दारं ही गोळी बंद करत नाही. विषाला थेट निकामी करण्याचं काम प्रतिविषाचं. ते आणि प्राझोसिन एकत्र दिलेले रुग्ण नुसत्या गोळीपेक्षा लवकर सावरतात, हेही बावस्करांनीच २०११ मध्ये दाखवलं.