‘सरासरी कामाचे दिवस’ : हा आकडा येतो कुठून?

महिना संपला की आम्हाला सगळ्यात जास्त फोन एकाच प्रश्नासाठी येतात. “माणसं तर रोज डोळ्यासमोर दिसताहेत, मग रिपोर्टात सरासरी २१ दिवसच कशी?” फोनवर सांगताना दरवेळी काहीतरी राहून जातं, म्हणून हे माहितीपत्रक. पॉवर बीआय या अहवाल बनवायच्या संगणक प्रणालीत तुम्हाला करून दिलेल्या हजेरीच्या अहवालाबद्दल ते आहे.

मे २०२५ घेऊ. ३१ दिवसांतून ४ रविवार आणि १ मेची सुट्टी वजा केली की उरतात २६. समजा, पॅकिंगला चार जण आहेत. एकाने २६ दिवस भरले, दुसऱ्याने २५, तिसऱ्याने २२. चौथा २० तारखेला कामावर लागला आणि एकही खाडा न करता त्याने ११ दिवस भरले. बेरीज ८४, भागिले ४, सरासरी २१. हिशेब बरोबर आहे, पण २६ पैकी २१ म्हणजे ८१ टक्के असं वाचून मालक मुकादमावर चिडतात. चौथ्या माणसाला २० तारखेआधी यायचंच नव्हतं. चौघांना मिळून भरता येण्यासारखे दिवस ८९ होते, त्यातले ८४ भरले; ही हजेरी ९४ टक्के झाली. म्हणून अहवालात सरासरी दिवस आणि हजेरीचे टक्के, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले आहेत. माणसं किती दिवस मिळाली हे बघायला पहिला, खाडे बघायला दुसरा.

मोजणीत खरा घोळ पंचिंग मशीनमुळे होतो. येताना, जेवायला जाताना, परत येताना आणि सुटताना, असे एका माणसाचे दिवसाला चार पंच. नुसत्या ओळी मोजल्या तर २६ दिवसांचे १०४ होतात! त्यामुळे आम्ही ‘डिस्टिंक्टकाउंट’ या सूत्राने वेगवेगळ्या तारखा मोजतो. तरी रात्रपाळी उरतेच. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या हंगामात सोमवार ते शनिवार सहा रात्री भरलेला माणूस रविवारी सकाळी सुटतो, आणि मशीनकडे त्याच्या सात तारखा जमा होतात. त्यासाठी पाळी सुरू झाली तीच तारीख धरायची, सुटल्याची नाही. अर्ध्या हजेरीला मात्र तारखा मोजून भागत नाही. तिथे १ आणि ०.५ अशी बेरीजच करावी लागते, म्हणून अर्धा दिवस मस्टरमध्ये वेगळा लिहा.

महिनाभर आलाच नाही, अशा माणसाची मशीनमध्ये एकही ओळ नसते. ‘अ‍ॅव्हरेजएक्स’ हे सूत्र रिकाम्या जागा सोडून देतं. म्हणजे न आलेला माणूस भागाकारातून गळतो आणि सरासरी फुगते. पटावर असून न आलेल्याला आम्ही शून्य धरतो; काम सोडून गेलेल्याला धरत नाही. दोघांतला फरक मशीनला कळत नाही. सोडल्याची तारीख तुम्हीच कळवायची.

विभागांच्या सरासरींची पुन्हा सरासरी काढू नका. ग्रेडिंगला ४० माणसं, सरासरी २०. पॅकिंगला १० माणसं, सरासरी २४. कारखान्याची सरासरी २२ नाही, २०.८ आहे. अहवालाच्या शेवटच्या ओळीत हीच येते. वरच्या दोन आकड्यांशी ती जुळत नाही म्हणून गोंधळू नका.

आता सुट्ट्या. ‘नेटवर्कडेज’ हे सूत्र तुम्ही काही सांगितलं नाही तर शनिवार आणि रविवार दोन्ही सुट्टी धरतं. आपल्याकडे शनिवारी मिल चालूच असते. मे २०२५ मध्ये ५ शनिवार होते. ते गळले तर २६ दिवस भरणाऱ्याची हजेरी १२४ टक्के दिसते. सूत्रात ११ हा आकडा दिला की फक्त रविवार सुट्टी धरला जातो. तुमची आठवडी सुट्टी दुसऱ्या वारी असेल तर सांगा, आकडा बदलतो. सुट्टी आणि रविवार एकाच दिवशी आले तरी सूत्र तो दिवस एकदाच वजा करतं. २६ जानेवारी २०२५ ला रविवारच होता. हाताने हिशेब करणाऱ्यांनी तो दोनदा वजा करू नये.

आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि पोळा बहुतेकांच्या सुट्ट्यांच्या यादीत असतात. खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाचा सोमवार मात्र हमखास राहतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, आणि त्या दिवशी निम्मा कारखाना गावाकडे असतो. त्या दिवशी कारखाना बंद ठेवायचा असेल तर ती सुट्टी धरू, चालू ठेवायचा असेल तर खाडा धरू. हे आमच्या मनाने ठरवत नाही. श्रावण लागण्याआधी सुट्ट्यांची यादी पाठवा, तारखेसकट.