धुराचा थेंब आणि पिंपाचं झाकण

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या, की नाशिकमध्ये पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत एकच मागणी होते: धुराची गाडी पाठवा. गाडी येते, गल्लीभर पांढरा ढग पसरतो, आणि महापालिकेने काहीतरी केलं हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं. डासांवरच्या खर्चाची चर्चाही मग या धुराभोवतीच फिरते. ठेका किती कोटींचा, गाड्या किती, फवारणी किती वेळा झाली. हा धूर डासाला नेमका मारतो कसा, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. पैसा कुठे जायला हवा, याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तो धूर नसतोच. १ भाग मॅलॅथिऑन हे कीटकनाशक आणि १९ भाग डिझेल असं साधारण ५ टक्क्यांचं मिश्रण यंत्राच्या तापलेल्या नळीत जातं, तिथे त्याची वाफ होते, आणि बाहेरच्या गार हवेत येताच त्या वाफेचे बारीक थेंब बनतात. थंडीत पहाटे गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, धुकं धरतं, त्याच जातीची ही क्रिया. म्हणजे आपण पाहतो ते डिझेलचं धुकं. त्याचं यश थेंबाच्या आकारावर अवलंबून असतं.

हा आकार मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. १ मिलिलिटर द्रवाचे १०० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर सुमारे १९ लाख होतात. तेच १० मायक्रॉनचे केले तर १९० कोटी! व्यास दहापट कमी झाला की संख्या हजारपट वाढते, कारण आकारमान व्यासाच्या घनावर ठरतं. जितके थेंब जास्त, तितकी उडत्या डासाशी गाठ पडण्याची शक्यता जास्त. शिवाय मोठा थेंब हवेत टिकत नाही. १०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे २५ सेंटिमीटर वेगाने खाली येतो, म्हणजे तीन मीटर उंचीवरून १२ सेकंदांत जमिनीवर. १० मायक्रॉनच्या थेंबाला तेवढ्याच उंचीवरून उतरायला सतरा मिनिटांच्या आसपास लागतात. यंत्रातून द्रव प्रमाणाबाहेर सुटत असेल किंवा नळी पुरेशी तापली नसेल, तर रस्त्यावर तेलकट डाग पडतात. ते डाग म्हणजे वाया गेलेलं औषध.

मग थेंब आणखी बारीक, एक-दोन मायक्रॉनचे का करत नाहीत? कारण ते डासाला लागतच नाहीत. गोदावरीला पूर आला की होळकर पुलाच्या खांबांपाशी काय होतं ते आठवा. पाणी खांबाला वळसा घालून जातं. पाण्यावरचं पानही त्याच्यासोबत वळतं. वाहत आलेला ओंडका मात्र वळू शकत नाही, तो खांबावर आदळतो. डासाभोवतीची हवा त्या पाण्यासारखी. अतिसूक्ष्म थेंब पानासारखा हवेबरोबर बाजूने निघून जातो. पुरेसं वस्तुमान असलेला थेंबच आपल्या जडत्वामुळे सरळ जाऊन डासाच्या पंखावर किंवा पायावर आपटतो. फार मोठा नको आणि फार लहानही नको, म्हणून १० ते ३० मायक्रॉन हा पट्टा चांगला मानतात. त्यातही २० मायक्रॉनच्या थेंबात १० मायक्रॉनच्या थेंबाच्या आठपट औषध असतं, त्यामुळे एवढ्याशा पट्ट्यातही फरक पडतो.

हा आकार तपासता येतो. शाळेच्या प्रयोगशाळेतली मॅग्नेशियमची फीत जाळून तिच्या पांढऱ्या भुकटीचा थर काचपट्टीवर धरायचा आणि ती पट्टी फवाऱ्यात फिरवायची. थेंब त्या थरात खळगे पाडतात. सूक्ष्मदर्शकाखाली खळग्याचा व्यास मोजायचा आणि त्याला ०.८६ ने गुणायचं, की थेंबाचा व्यास मिळतो. हा गुणक २० मायक्रॉनच्या वरच्या थेंबांसाठी आहे. १५ ते २० मध्ये ०.८ आणि १० ते १५ मध्ये ०.७५ धरतात, कारण लहान थेंब आपल्या व्यासाच्या मानाने रुंद खळगा पाडतो. फवारणीच्या प्रत्येक ठेक्यात ही चाचणी सक्तीची असावी असं माझं ठाम मत आहे. आपण लिटरचे पैसे देतो, पण परिणाम मायक्रॉनवर ठरतो.

थेंब नेमका जमला तरी अडचणी संपत नाहीत. दुपारी तापलेल्या रस्त्यावरची हवा वर चढते आणि औषध छपरांवरून निघून जातं, म्हणून फवारणी पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास करायची. गाडीवरच्या यंत्रासाठी ताशी ६ ते ८ किलोमीटर वेग योग्य. गाडी दुप्पट वेगाने गेली की त्याच रस्त्याला औषध निम्मंच मिळतं. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती डासाची मादी रस्त्यावर नसतेच. ती घरात असते: खुंटीवरच्या कपड्यांमागे, पलंगाखाली, कपाटाच्या सांदीत. गाडी आली की वासाला कंटाळून आपण दारं-खिडक्या लावून घेतो आणि तिला सुरक्षित ठेवतो. खरं तर अन्न-पाणी झाकून खिडक्या उघड्या ठेवायला हव्यात. एवढं करूनही पाण्यातल्या अळ्या आणि कोष यांना हे थेंब काहीच करत नाहीत. कोषातून साधारण दोन दिवसांत नवा डास बाहेर पडतो.

धुराची जागा आहे, पण ती नेमकी आहे. रुग्ण सापडला की त्याच्या आणि आसपासच्या घरांत आतून फवारणी केली तर विषाणू पोटात घेतलेली मादी मरते. त्यासाठी पायरेथ्रम या कीटकनाशकाचा २ टक्के अर्क १ भाग आणि रॉकेल १९ भाग असं मिश्रण वापरतात. सगळ्या शहरावर सरसकट धूर सोडणं हे त्याहून अगदी वेगळं काम आहे.

तक्रारींमुळेही पैसा वाकडा जातो. नाल्याकाठी, पाणवेलींजवळ रात्री जे डास हैराण करतात ते क्युलेक्स. ते घाण पाण्यात वाढतात आणि डेंग्यू पसरवत नाहीत. एडिस स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढते आणि दिवसा चावते. तक्रार येते क्युलेक्सची, रुग्ण होतात एडिसमुळे, आणि गाडी जिथे ओरड जास्त तिथे जाते. जाता जाता, अल्ट्रासॉनिक आवाजाने डास पळवणाऱ्या यंत्रांबद्दलही सांगायला हवं. मैदानी चाचण्यांच्या आढाव्यात त्यांचा काहीही उपयोग दिसलेला नाही. ते पैसे पिंपाच्या घट्ट झाकणावर खर्च करावेत.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार धोकादायक रोगांचा प्रसार रोखणं हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे. १९७१-७२ मध्ये सुरू झालेल्या शहरी हिवताप योजनेची मांडणी अशी, की अळीनाशक केंद्राकडून यावं आणि काम करणाऱ्या माणसांचा खर्च राज्याने व स्थानिक संस्थांनी उचलावा. खरा खर्च या माणसांचाच आहे. २०११च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. पाच माणसांचं एक घर धरलं तरी जवळपास तीन लाख घरं. एडिसचं अंड्यापासून डासापर्यंतचं चक्र उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत पुरं होतं, म्हणून तपासणी दर आठवड्याला हवी. एका कर्मचाऱ्याने दिवसाला ५० घरं, आठवड्याचे सहा दिवस पाहिली तर ३००. तीन लाखांसाठी एक हजार माणसं लागतील! तेवढी कुठलीही महापालिका नेमणार नाही. म्हणून घरोघरी सरसकट फिरण्यापेक्षा जिथून डास खरोखर निपजतात ती ठिकाणं निवडावी लागतात: सातपूर-अंबडमधली भंगाराची गोदामं, टायरांचे ढीग, सिंहस्थाच्या तयारीतल्या बांधकामांवरच्या टाक्या, पाणी साठवणाऱ्या वस्त्यांमधली २०० लिटरची पिंपं. तिथे अळ्या मोजण्यापेक्षा कोष मोजावेत. अळ्या बऱ्याच मरतात, कोषाचा मात्र बहुधा डास होतोच.

पिंप रिकामं करता येत नसेल तर टेमेफॉस हे अळीनाशक, म्हणजे आपण ज्याला अबेट म्हणतो ते. मात्रा लिटरमागे १ मिलिग्रॅम. ५० टक्क्यांचं द्रावण असेल तर २०० लिटरला फक्त ०.४ मिलिलिटर लागतं. १ टक्क्याची वाळूसारखी भुकटी असेल तर २० ग्रॅम. अंदाजाने ओतलेलं झाकणभर द्रावण दहापटीहून जास्त होतं. पाण्याला वास येतो, लोक ते फेकून देतात आणि नव्या भरलेल्या पाण्यात औषधच उरत नाही. बागेतली कारंजी आणि विहिरी यांत गप्पी मासे उत्तम. रोज उपसल्या जाणाऱ्या पिंपात ते जगत नाहीत.

आता वेळेचं. एडिस अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या थोडी वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ही अंडी सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. ऑक्टोबरात घातलेली अंडी कूलरच्या टाकीत, टायरात, पत्र्याच्या डब्यात मे महिनाभर कोरडी पडून असतात आणि जूनच्या पहिल्या पावसाचं पाणी त्यांच्यापर्यंत चढलं की काही तासांत फुटू लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करण्याचा ‘कोरडा दिवस’ नुसतं पाणी ओतून देऊन पाळला तर काम अर्धंच होतं. काथ्याने किंवा घासणीने आतली भिंत पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत घासायची, तो गाळ नालीत न टाकता मातीत टाकायचा, आणि मगच पिंप भरायचं. महापालिकेच्या पातळीवर हेच काम मार्च ते मे दरम्यान करावं लागतं. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. निविदा, स्थायी समिती, कार्यादेश असं करत माणसं जुलैत कामावर आली, तर अंडी फुटून दोन-तीन पिढ्या उडून गेलेल्या असतात. टायर उचलण्याचा आणि टाक्यांना जाळ्या बसवण्याचा खर्च त्यामुळे आदल्या वर्षाच्याच अंदाजपत्रकात, फवारणीच्या ठेक्यापासून वेगळ्या लेखाशीर्षाखाली ठेवावा लागेल, म्हणजे तो पैसा मार्च महिन्यात हातात असेल.